महादेवीअक्काचं दुखणं उलटलं तेव्हा

अक्का पाटावरून उठली आणि पाटावर रक्त दिसलं.

भर दुपार होती. खाणावळीतले सगळे बाक भरलेले, दारात आडतीवरचे हमाल वाट बघत उभे. मी शेजारच्या तव्यावर होते म्हणून मला आधी दिसलं. तळहाताएवढा डाग, ओला. तीन वर्षांपूर्वी कॅन्सरमुळे डॉक्टरांनी अक्काची लघवीची पिशवी काढली होती, तिच्यासोबत गर्भपिशवीही काढली होती. पोटाला केलेल्या भोकातून लघवी बाहेर चिकटवलेल्या पिशवीत उतरायची. खालच्या वाटेनं काही यायचं कारणच उरलं नव्हतं. त्यात बाई साठी ओलांडलेली.

तिनं पाटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि परत त्याच पाटावर बसली.

"गयाबाई, भाकरी करपायली तुझी."

खरंच करपत होती. मी ती काढली. अक्कानं परातीत पीठ ओढलं, गोळा मळला आणि थापायला घेतला. तिची थाप रोजच्यासारखीच पडत होती. मी कान देऊन ऐकत होते. शेवटचा माणूस हात धुऊन जाईपर्यंत ती उठली नाही. मग म्हणाली, "दार लोट आन् बादली आन." पाट मी धुते म्हणाले तर माझा हात झटकून म्हणाली, "माझं हाय. मी धुते."

ही महादेवीअक्का. लातूरच्या आडत बाजारामागे तिची लिंगायत खाणावळ होती. ज्वारीची कडक भाकरी, भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाची, म्हणजे येसराची आमटी, शेंगाची चटणी, कांदा. बाकी काही मिळत नसे आणि बाकी काही कुणी मागत नसे. कडक भाकरी म्हणजे पापडासारखी पातळ, तव्यावर भाजून नंतर चुलीच्या उबेला उभी करून वाळवलेली. अक्का रोज सकाळी आदल्या दिवशीची एक भाकरी कानाजवळ नेऊन मोडायची. "भाकरीला आवाज पायजे," ती म्हणायची. "मुकी भाकरी गिऱ्हाइकाला देऊ नको, गाईला दे."

मी मुरुडहून कामाला आले तेव्हा माझा नवरा जाऊन वर्ष झालं नव्हतं. चौथी शिकलेली बाई, दुसरं काय काम मिळणार. अक्काचा नवराही आधीच गेलेला होता, बसवराज आणि शिवकांता ही दोन लेकरं शाळेत जात होती. तिनं मला नाव विचारलं नाही. परात पुढे सरकवली. मी एक भाकरी केली. तिनं ती चावून पाहिली.

"भाकरी चांगली हाय. तोंड लई वाकडं हाय. उद्यापून तोंड घरी ठेवून ये."

"तोंड संगं येतंय," मी म्हणाले. "भाकरी पायजे असंल तर दोन्ही घ्यावं लागंल."

ती हसली. लिंगायताच्या खाणावळीत मराठ्याची बाई तव्यावर बसवली म्हणून बाजारात थोडी कुरकुर झाली. अक्का एकेकाला ताट वाढताना विचारायची, "ज्वारी कुनाच्या रानातली हाय ते इचारून खाता का तुमी?" आठवड्याभरात कुरकुर थांबली. माझं तोंड मात्र तसंच राहिलं, आणि तिला त्याची सवय झाली. चार माणसांत ती मला गयाबाई म्हणायची, दोघीच असलो की गये.

पहिल्या वेळी लघवीतून रक्त आलं तेव्हा ती म्हणाली, चुलीपुढं बसून उन्हाळी लागली. धण्याचं पाणी प्याली, सब्जा प्याली. रक्त थांबायचं, परत यायचं. शेवटी बसवराजनं तिला लातूरच्याच मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी सांगितलं, पिशवी काढावी लागेल आणि जन्मभर बाहेरून पिशवी लावावी लागेल. बसवराज तिथंच खाली बसला. अक्कानं एवढंच विचारलं, "भाकरी थापता यील का?"

"दोन-तीन महिन्यांनी येईल," डॉक्टर म्हणाले.

"मग काढा."

तिसऱ्या महिन्यात ती तव्यावर परत आली. पोट दुमडू नये म्हणून सुताराकडून पाटाखाली ठोकळे मारून घेतले. लघवीच्या पिशवीला खणाच्या कापडाची झाकणपिशवी शिवली, नाडी लावून कमरेला बांधली. बायका बघायला यायच्या, तोंडाला पदर लावायच्या. अक्का त्यांना म्हणायची, "आदी आत हुती, आता भाईर हाय. दिसायली म्हनून एवढा बोभाटा." डॉक्टरांनी भरपूर पाणी प्यायला सांगितलं होतं. त्यावर तिचं म्हणणं, "लातुरात नळाला आठ-आठ दिवसांनी पानी येतंय आन् डॉक्टर म्हनतो बक्कळ पी. त्येला म्हनावं, आदी नळाचं ऑपरेशन कर."

एकदा ऐन जेवणाच्या वेळी पिशवी गळली. लुगडं भिजलं, वास सुटला. पुढच्या बाकावरचा एक माणूस नाक मुरडून इकडेतिकडे बघू लागला. मला वाटलं आता ही आत पळेल. ती उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "मला कॅन्सर झाला हुता. पोटावर लघवीची पिशवी हाय, ती गळली. मी लुगडं बदलून येते, हात साबनानं धुते. ज्याला जेवायचं त्यानं जेवावं. न्हाई जेवायचं त्याला समोर दुसरी खाणावळ हाय, तिथली आमटी पातळ असती." एकही जण उठला नाही. नाक मुरडणाऱ्यानं दोन भाकऱ्या जास्त मागितल्या. ती लुगडं बदलून आली आणि मला म्हणाली, "रडायचं असलं तर कांदा चिरताना रडावं गये, दोन्ही कामं हुतेत." रडण्यासारखं काय झालं, ते मात्र तिनं सांगितलं नाही.

माणसांपुढे ती कधी वाकली नाही. वाकली ती एकदाच, आणि ती देवाच्या नावानं.

अक्काच्या गळ्यात चांदीच्या डबीत लिंग असायचं. ते अंगावरून उतरवायचं नसतं. सकाळी डाव्या तळहातावर लिंग घेऊन, विभूती-बेल वाहून पूजा केल्याशिवाय ती पाण्याचा थेंब घेत नसे. ऑपरेशनच्या वेळी ते काढावं लागलं, शुद्धीवर येताच तिनं ते पहिल्यांदा मागून घेतलं. पण पुढे उदगीरहून तिची थोरली जाऊ आली. सगळे त्यांना मोठ्याबाई म्हणायचे. तेव्हा पंच्याहत्तरीच्या पुढे असतील. चौदा वर्षांची महादेवी सून म्हणून आली तेव्हा त्यांनीच तिला चूल शिकवली, न्हाऊ-माखू घातलं. अक्का जगात कुणाचं ऐकत असेल तर त्यांचं. मोठ्याबाईंनी पिशवी पाहिली आणि कपाळाला हात लावला.

"अय्यो शिवा! पोटावर मुताची पिशवी आन् वर लिंग लोंबायलंय? देव्हाऱ्यात ठेव ते, महादेवी. आपल्यानं पाप नको."

दुसऱ्या दिवशी तिच्या गळ्यात डबी नव्हती. मी विचारलं तर म्हणाली, "आमच्यातलं हाय. तू तवा बघ." मी तवा बघितला.

ज्या दुपारी पाटावर रक्त दिसलं, त्या दुपारी मी तिला कोठीच्या खोलीत नेलं आणि दाराला पाठ लावून उभी राहिले.

"कवापून हाय हे?"

"दिवाळीपून. थोडं थोडं."

"दिवाळी! आता शिवरात्र आली. सांगितलं कामून न्हाई?"

"ज्याला सांगायचं त्याला सांगितलं की." तिनं देव्हाऱ्याच्या भिंतीकडे मान केली. "लिंग उतरवलं म्हनून कोपलाय. सोमवार धरलेत. पान्याबिगर."

आता मला कळलं, सोमवारी तिचा तांब्या भरलेलाच का राहायचा.

"पान्याबिगर? डॉक्टर म्हनतो पानी पी, आन् तू कोरडी बसायलीस?"

"तू मराठ्याची. तुला काय कळतंय लिंगाचं."

"लिंगाचं न्हाई कळत. रगताचं कळतंय. माणसं मुडदे पाडून खुशाल फिरायलेत. त्येंला सोडून देवाला तुझ्याच लुगड्यावर डाग पाडायचं काम हाय का?"

ती ज्वारीच्या पोत्यावर बसली. मग म्हणाली, "बसवराजला सांगू नको."

"सांगनार."

"गये..."

"आज सांगनार. आत्ता सांगनार." आणि मी बाहेर जाऊन सांगितलं.

ऑपरेशन केलेले तेच डॉक्टर होते. त्यांनी तपासलं, तुकडा काढून तपासायला पाठवला, फोटो काढले. पिशवी जिथून काढली होती, बरोबर त्याच जागेवर परत गाठ आली होती. आमच्याकडे याला दुखणं उलटणं म्हणतात. डॉक्टर बसवराजला बाहेर बोलवू लागले तेव्हा अक्कानं अडवलं.

"त्येला कामून भाईर नेताय? दुखनं माझं हाय. हितंच बोला."

डॉक्टर बसले. अक्कानं विचारलं, "साहेब, पिशवीच काढली तुमी. मग हा कॅन्सर बसला कशावर?"

"पिशवी काढली तरी कधी कधी आजूबाजूला डोळ्याला न दिसणारं काहीतरी राहून जातं, आजी. तेच तिथं वाढतं."

"हरळी," अक्का म्हणाली.

"काय?"

"रान नांगरलं, येचलं, जाळलं, तरी हरळीचं एक कांडं मातीत राहतंय. पाऊस पडला की तिथनंच वर येतंय."

"तसंच," डॉक्टर म्हणाले. सरळ माणूस होता, मला आवडला. त्यानं गोड बोलून फसवलं नाही. बाकी अंगात कुठं पसरलेलं नाही, ही चांगली गोष्ट. पण असं त्याच जागी परत आलेलं पुष्कळांना सोडत नाही. परत कापून उपयोग नाही. मशीनखाली किरणांचा शेक द्यावा लागेल आणि त्याच्याबरोबर केमोची सलाईन. त्यानं काही जण तरतात. काहीच केलं नाही तर थोडे महिने. आणि ठरवायचं तर लगेच ठरवा.

"घरी जाऊन सांगते," अक्का म्हणाली.

आणि घरी येऊन ती गप्प बसली. हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. रोज तव्यावर यायची, घडी घालून कापड घ्यायची, संध्याकाळी धुवायची. बसवराज वाईट मुलगा नाही, भित्रा आहे. तो मला म्हणाला, "मावशी, त्या शेकानं माणूस आतून जळून जातंय म्हनतेत. आईचे हाल नकोत. जेवढे दिवस हाईत तेवढे सुखानं घरात राहू दे." मी म्हणाले, "सुखानं कशी राहील? रगत थांबनार हाय का तुझ्या सुखानं?" तो रडायला लागला. मी त्याला काही समजावलं नाही. मला भ्या होतं ते अक्काच्या मनाचं. तिला शेकाची भीती नव्हती. देवानंच दिलंय तर मशीन काय करणार, असं तिच्या मनात बसलं होतं, आणि एकेक दिवस जात होता.

मग बातमी ऐकून मोठ्याबाई उदगीरहून आल्या. सोमवार होता. अक्का सकाळपासून पाण्याविना, ओठ सुकलेले. मोठ्याबाई बाजेवर बसल्या, बसवराज दारात उभा, मी खाली लसूण सोलत.

"मी त्यावेळीच म्हनले हुते," मोठ्याबाई म्हणाल्या. "पाप अंगावर निघालं बघ. तसंच काही दिस घातलंस ना गळ्यात? ते भोवलं."

मला वाटलं होतं अक्का मान खाली घालेल. तिनं मान वर केली.

"मोठ्याबाई, एक इचारू?"

"इचार."

"थोरले अप्पा गेले, दारात मयत हुतं, तवा तुमी आदी काय केलंत?"

थोरले अप्पा म्हणजे मोठ्याबाईंचे मालक.

"मी हुते तिथं," अक्का म्हणाली. "तुमी हातावर लिंग घेऊन पूजा केली. शेजारची बामनीन म्हनली, अवो आज? तवा तुमी म्हनलात, लिंगवंताला सूतक न्हाई आन् इटाळ न्हाई. दारात मढं असलं तरी न्हाई, बाळंतीन असली तरी न्हाई. तुमीच म्हनलात ना?"

"ते येगळं, महादेवी."

"कसं येगळं? सांगा."

अक्का उभी राहिली. एका हातानं तिनं कमरेची ती खणाची पिशवी धरली होती.

"ही पिशवी माझ्या पोटात हुती तवा मी साठ वरसं लिंग घातलं. तुमच्या पोटात आज बी हाय, आन् वर लिंग हाय. माझी आतून भाईर आली, तेवढ्यानं देव पळाला व्हय?"

मी लसूण सोलायचा थांबले. मी बायका खूप पाहिल्या, भांडणाऱ्या पाहिल्या, रडणाऱ्या पाहिल्या. पण ज्या भीतीनं आपल्याला आतून बांधलंय तीच भीती अशी हातात धरून, उलटी करून दाखवणारी मी दुसरी पाहिलेली नाही. त्या दिवशी मला तिचा फार अभिमान वाटला. तोंडावर मी बोलले नाही.

अक्कानं हातपाय धुतले, कपाळाला विभूती लावली, देव्हाऱ्यातून डबी घेतली आणि तळहातावर लिंग ठेवून पूजा केली. मग डबी गळ्यात बांधली. बांधून झाल्यावर मला म्हणाली, "पानी दे."

सोमवार होता. मी तांब्या दिला. ती सगळा प्याली, परत मागितला, तोही प्याली.

"बसवराज, नांदेडला शिवकांताला फोन लाव. म्हनावं आई शेक घ्यायला यायलीय. आन् गयाबाई, मोठ्याबाईला च्या टाक. साखर जास्त घाल, तोंड कडू झालंय त्येंचं."

मोठ्याबाई चहा प्यायल्या आणि संध्याकाळच्या बसनं उदगीरला गेल्या.

नांदेडला नंबर लवकर लागला आणि लेक तिथंच राहत होती, म्हणून नांदेड ठरलं. खाणावळ सुनेनं आणि हाताखालच्या बायकांनी सांभाळली. मला कुणी चल म्हणालं नाही. मी माझी पिशवी भरली आणि जीपमध्ये जाऊन बसले.

पहिल्याच दिवशी मशीनवाल्या पोरानं अडवलं. तो देगलूरकडचा होता, तेलुगू हेल काढून मराठी बोलायचा. "अम्मा, धातू चालत नाही आत. गळ्यातलं काढून द्या."

"हे उतरत न्हाई," अक्का म्हणाली.

"बांगड्या काढल्या की तुम्ही."

"बांगड्या कासाराच्या हाईत. हे माझं हाय."

त्यानं डॉक्टरीणबाईंना बोलावलं. त्यांनी समजून घेतलं. शेक कमरेखाली द्यायचा होता. त्या म्हणाल्या, चांदीची डबी बाहेर ठेवा, लिंग कापडात बांधून दंडाला बांधा, लोंबायला नको. मी माझ्या धुतलेल्या लुगड्याची पट्टी फाडली आणि तिच्या दंडाला घट्ट बांधली. ती आत गेली. पोरगा म्हणाला, "अम्मा, अजिबात हलायचं नाही." आतून अक्काचा आवाज आला, "भाकरी थापताना हलते मी. येरवी न्हाई."

शेकाच्या रांगेत रोज तीच तीच माणसं भेटतात. आमच्या शेजारी इस्लापूरचे एक दादा असायचे, शेतकरी, पन्नाशीचे. त्यांचीही पिशवी काढलेली, त्यांचंही उलटलेलं. उन्हातसुद्धा ते अंगावर शाल घेऊन बसायचे, पोटावरची पिशवी कुणाला दिसू नये म्हणून. बायकोला म्हणायचे, बसमधून चार वेळा उतरून तपासतो, गळली तर नाही. अक्कानं दोन दिवस बघितलं. तिसऱ्या दिवशी त्यांच्या शेजारी जाऊन बसली आणि पदर बाजूला करून आपली खणाची झाकणपिशवी दाखवली.

"काय करून राहिल्या, अक्का?" दादा घाबरून इकडेतिकडे बघायला लागले. "लोकं पाहून राहिले."

"बघू द्या की. त्येंच्या पोटात बी हाय, त्येंला दिसत न्हाई एवढंच. दादा, शाल काढा. घामानं चिकटपट्टी सुटतीया, मग गळती. तुमी लपवायलात म्हनून गळायली."

त्यांनी शाल काढली. पुढच्या आठवड्यात अक्कानं त्यांना झाकणपिशवी शिवून दिली, धोतराच्या पांढऱ्या कापडाची. ते म्हणाले, "खण चालला असता मला." ती म्हणाली, "खण बाईमाणसाला. तुमाला लाडवलं की तुमी नथ मागाल." त्यांची बायको इतकी हसली की कंपाउंडर बाहेर बघायला आला.

सगळंच असं हसण्यातलं नव्हतं. मधल्या आठवड्यांत अक्काला हगवण लागली. खालची कातडी भाजल्यासारखी काळी पडली, बसता येईना. तोंडाची चव गेली, केमोच्या सलाईननं अन्न बघवेना. पाय सुजला. एका सकाळी ती भिंतीकडे तोंड करून पडली आणि म्हणाली, "बास झालं, गये. मला न्यायला येऊ नको म्हनावं गाडीला."

मी तिला देवाचं नाव सांगितलं नाही की लेकरांचं तोंड बघ म्हणाले नाही. स्वयंपाकघरात जाऊन विळी आणि टोपलीभर कांदे आणले आणि तिच्यापुढे ठेवले.

"हे काय?"

"चिर."

तिनं माझ्याकडे खूप रागानं पाहिलं. मग कुशीवर टेकून कांदा चिरायला घेतला, आणि रडली. आवाज काढून रडली. मी तिला पंचवीस वर्षांत तशी रडताना पाहिलं नव्हतं. मी शेजारी बसून कांद्याची सालं गोळा करत राहिले. टोपली संपली तेव्हा तिनं पदरानं नाक पुसलं.

"गाडी कवा येनार हाय?"

"दहाला."

"मग लुगडं दे."

त्या दिवशी शिवकांतानं दोन्ही वेळेला पिठल्यात कांदा, भाजीत कांदा आणि थालीपिठात कांदा घातला, तरी उरला.

शेकाच्या शेवटच्या दिवसांत मला ताप आला. अक्काची पिशवी रिकामी करणं, धुणं हे माझं काम होतं. शिवकांता शाळेत शिकवते, ती सकाळीच जायची. मी उठायला लागले तर दारात मोठ्याबाई. उदगीरहून एकट्या बसनं आल्या होत्या, काखेत कडक भाकरीचं गाठोडं. त्यांनी मला परत झोपवलं. मग अक्काच्या बाजेजवळ खाली बसल्या, झाकणपिशवीची नाडी सोडली, खालची तोटी उघडून पिशवी भांड्यात रिकामी केली, भांडं ओतून आल्या. अक्का बघत होती.

"मोठ्याबाई, हात धुवा."

"धुते की. मूतच हाय, इख न्हाई."

मोठ्याबाई शेक संपेपर्यंत राहिल्या आणि रोज सकाळी अक्काला त्यांनीच बेलाचं पान आणून दिलं. रात्री माझ्या कपाळावर पट्ट्या ठेवल्या आणि म्हणाल्या, "तू लई फटकळ हाईस. पर बरी हाईस." मी म्हणाले, "तुमी बी."

तीन महिन्यांनी परत फोटो काढले. डॉक्टरीणबाई बराच वेळ बघत होत्या. गाठ दिसत नाही, म्हणाल्या. असं फार थोड्या जणांचं होतं, म्हणून मी खात्री देणार नाही, येत राहा, तपासत राहा. बसवराज त्यांच्या पाया पडायला निघाला. अक्का म्हणाली, "पाया पडू नको, त्येंला काम करू दे." आणि डॉक्टरीणबाईंना म्हणाली, "खात्री देऊ नका. मी बी गिऱ्हाइकाला उद्याच्या आमटीची खात्री देत न्हाई. आजची चांगली हाय."

ती लातूरला परत आली आणि वर्षभर तव्यावर बसली. पायाची सूज गेली नाही, उभं राहिलं की वाढायची. मग तिनं परात सुनेच्या पुढे सरकवली, जशी कधीकाळी माझ्यापुढे सरकवली होती. सुनेची पहिली भाकरी मोडून पाहिली आणि म्हणाली, "भाकरी कच्ची हाय, पर तोंड चांगलं हाय. कायतरी एक चांगलं पायजे." तपासण्या नांदेडला म्हणून ती शिवकांताकडे राहायला गेली. निघताना आम्ही दोघी गळ्यात पडलो नाही. ती म्हणाली, "ध्यान दे सुनेवर." मी म्हणाले, "देते." जीप गेली.

लोक मला विचारतात, तुम्ही तिच्या एवढ्या मागे का लागलात, नात्याची ना गोत्याची. मी सांगते, मी मागे लागले नाही. मी फक्त बसवराजला सांगितलं आणि कांदे आणले. बाकी सगळं तिनं केलं. लोकांपुढे पिशवी दाखवणं सोपं नव्हतं, ते तिनं केलं. देव आपल्यावर कोपलाय असं मनात बसल्यावर उठून देवाला हातात घेणं त्याहून अवघड, तेही तिनं केलं. अशी बाई माझ्या शेजारच्या तव्यावर बसत होती, हे मी मुरुडला गेले की सांगते.

इस्लापूरचे दादा शेक झाला त्याच वर्षीच्या पावसाळ्यात गेले. त्यांच्या बायकोनं फोन करून सांगितलं. मोठ्याबाई गेल्या वर्षी गेल्या, उदगीरला, म्हातारपणानं. महादेवीअक्काचं दुखणं उलटलं त्याला आता चार वर्षं होऊन गेली. ती नांदेडला लेकीच्या घरी आहे, तिच्या गळ्यात लिंग आहे, पोटावर पिशवी आहे, आणि ती जिवंत आहे.